पहिलीच मुलाखत, तीही आपल्याच साहेबांपुढे!

मागच्या रविवारी सकाळी मावशीचा फोन आला. "दुपारी मोकळी आहेस का? माझा इंटरव्ह्यू घेशील?"

मला हसू आलं. "हसून काय राहिली? खरंच सांगून राहिले," ती म्हणाली. मावशी नागपुरातल्या एका बँकेत अठरा वर्षांपासून क्लर्क आहे. ऑफिसर होण्यासाठीची खात्यांतर्गत लेखी परीक्षा ती पास झाली आहे आणि आता मुलाखत आहे. हा तिचा दुसरा प्रयत्न. पहिल्या वेळी लेखी परीक्षेत चांगले मार्क होते, पण मुलाखतीनंतरच्या यादीत नाव नव्हतं. का नव्हतं, हे तिला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

दुपारी डायनिंग टेबलच्या एका बाजूला मी बसले, समोर ती. मी आवाज जाड करून विचारलं, "मॅडम, तुमच्या शाखेत तुम्ही नेमकं काय काम करता?"

"कॅश बघते. कधी पासबुक, कधी केवायसी. मॅनेजर सांगतील ते."

मी वाट पाहिली, पण उत्तर तिथेच संपलं होतं. अठरा वर्षांची नोकरी तिने तीन छोट्या वाक्यांत आटोपली.

मग चहा झाला आणि चहासोबत गप्पा निघाल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा ती कॅश काउंटरवर होती. कित्येक दिवस रात्री नऊ-नऊपर्यंत बसून हिशोब जुळवला आणि एकदाही कॅश कमी भरली नाही. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात, त्यांच्यासाठी वेगळं टेबल लावायची आयडिया तिचीच. त्यामुळे काउंटरवरची रांग निम्म्यावर आली. शाखेत नवीन लागलेल्या तीन पोरांना तिनेच काम शिकवलं.

"अगं, मग हे का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं बाप्पा? ते तर कामच होतं न."

मला वाटतं, मागच्या वेळचा घोळ इथेच झाला असावा. आणि हा घोळ एकट्या मावशीचा नाही. आज अभ्यासिकेत बसून बँकेची, एसएससीची, रेल्वेची तयारी करणारे आपण सगळे उद्या याच खुर्चीत बसणार आहोत.

दारावर मुलाखत नाही, पायरीवर आहे

१५ ऑगस्ट २०१५ च्या लाल किल्ल्यावरच्या भाषणात पंतप्रधानांनी कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती बंद करण्याचं आवाहन केलं होतं. त्यानंतर १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांच्या भरतीतून मुलाखत गेली. एसएससीच्या सीजीएल परीक्षेतली मुलाखत गेली आणि आयबीपीएसच्या क्लर्क भरतीतलीही गेली. कारण सरळ होतं. पाच-दहा मिनिटांच्या मुलाखतीत वशिला आणि पैसा यांना शिरायला जागा मिळते. गावाकडच्या, इंग्रजी न फाडणाऱ्या पोरापोरींसाठी हा निर्णय मोठाच होता.

पण याचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. आपल्या पिढीतले पुष्कळ जण एकही मुलाखत न देता नोकरीला लागतील. कॉम्प्युटरवर परीक्षा, मेरिट लिस्ट, कागदपत्रांची तपासणी, जॉइनिंग, झालं. मग काही वर्षांनी प्रमोशनची वेळ येईल आणि आयुष्यातली पहिली मुलाखत थेट आपल्याच संस्थेच्या वरिष्ठांपुढे द्यावी लागेल. सरकारी बँकांत क्लर्कचा ऑफिसर होताना लेखी परीक्षा आणि मुलाखत हा नेहमीचा रस्ता आहे. रेल्वेत गट 'क' मधून गट 'ब' अधिकारी होताना लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा आणि सेवेचा रेकॉर्ड अशी पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे.

नागपूरकरांना रेल्वेचं उदाहरण लगेच कळेल. आपल्या शहरात दोन रेल्वे विभागांची कार्यालयं आहेत, एक मध्य रेल्वेचं आणि दुसरं दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबईत, तर दुसऱ्याचं बिलासपूरला. गट 'ब' ची निवड झोनच्या पातळीवर होते. म्हणजे अजनीत काम करणाऱ्या सुपरवायझरची फाइल मुंबईला जाते आणि मोतीबागच्या माणसाची बिलासपूरला. समोरच्या पॅनलने त्याला काम करताना पाहिलेलं असेलच असं नाही. पण त्याची फाइल मात्र पाहिलेली असते.

फाइल आधी बोलते

नव्या नोकरीच्या मुलाखतीत आणि प्रमोशनच्या मुलाखतीत हाच मुख्य फरक आहे. बाहेरचा उमेदवार रिझ्युमेत जे लिहितो त्यावर पॅनल विश्वास ठेवतं किंवा खोदून विचारतं. आतल्या उमेदवाराबद्दल त्याच्या वरिष्ठांनी दरवर्षी लिहून ठेवलेलं असतं. रेल्वेच्या एस्टॅब्लिशमेंट मॅन्युअलमध्ये गट 'ब' च्या निवडीसाठी तोंडी परीक्षेला २५ आणि सेवेच्या रेकॉर्डला २५ गुण दिले आहेत. दोन्ही मिळून ३० हवेत आणि त्यातले किमान १५ रेकॉर्डमध्येच हवेत. म्हणजे तोंडी परीक्षेत २५ पैकी २५ घेतले, पण रेकॉर्ड कच्चा निघाला, तर खेळ संपला.

हे वार्षिक अहवाल पूर्वी खरोखरच 'गोपनीय' असायचे. साहेबाने काय लिहिलं ते कर्मचाऱ्याला कळायचं नाही. शेरा वाईट असेल तरच कळवण्याची पद्धत होती. मग देव दत्त नावाच्या एका अभियंत्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांच्या प्रमोशनसाठी सलग पाच वर्षं 'व्हेरी गुड' शेरा लागत होता आणि एका वर्षी नुसता 'गुड' लिहिला गेला होता. 'गुड' म्हणजे वाईट नाही, म्हणून तो कळवलाच नव्हता. पण त्याच एका शब्दाने प्रमोशन अडलं. २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. २००९ पासून केंद्र सरकारने पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचा नियम केला. शेरा पटला नाही तर त्यावर १५ दिवसांत लेखी म्हणणं मांडता येतं. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात न्यायालयाने हाच निर्णय पुन्हा पक्का केला.

आता प्रश्न असा की किती जण हा अहवाल खरंच वाचतात? मावशीला विचारलं तर म्हणाली, "सही करायला येतो तेव्हा बघते एकदा." आणि त्यात स्वतः भरायचा भाग? "मागच्या वर्षीचाच कॉपी करते."

प्रामाणिक उत्तर होतं. पण मुलाखतीत पॅनलच्या हातात हाच कागद असतो. त्यात तिने स्वतःच नोटबंदीबद्दल, पेन्शनरांच्या टेबलाबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. मग साहेबांनी ते कुठून ओळखायचं?

तीस गुणांचं गणित

मुलाखतीला किती वजन असावं, हा वाद जुना आहे. १९८० मध्ये अजय हसिया प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. श्रीनगरच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रवेशात १५० पैकी ५० गुण मुलाखतीला होते आणि एकेका विद्यार्थ्याची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जात होती. न्यायालयाने एक तृतीयांश गुण मुलाखतीला देणं मनमानी ठरवलं आणि १५ टक्क्यांहून जास्त वजन नको असं सांगितलं. मुलाखती टेप करून ठेवाव्यात अशी सूचनाही केली.

लगेच पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, लीला धर प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजू मांडली. कॉलेजच्या प्रवेशाला येणाऱ्या पोरांचं व्यक्तिमत्त्व अजून घडायचं असतं, म्हणून तिथे लेखी परीक्षा महत्त्वाची. पण वयाने, अनुभवाने पुढे गेलेल्या माणसाची निवड करताना मुलाखतीला जास्त वजन देणं चुकीचं म्हणता येत नाही.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. अठरा वर्षं काउंटर सांभाळलेल्या बाईमध्ये शाखा चालवण्याची धमक आहे का, हे चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेत कळत नाही. समोर बसवून बोलावंच लागतं. पण एक कल्पित गणित मांडून बघा. लेखी ७० गुणांची, मुलाखत ३० ची. एकाला लेखीत ५८, दुसऱ्याला ४९. मुलाखतीत पहिल्याला १२ दिले आणि दुसऱ्याला २४. बेरीज ७० आणि ७३. कित्येक महिने रात्री जागून मिळवलेली नऊ गुणांची आघाडी पंधरा मिनिटांत गेली. ती पंधरा मिनिटं न्याय्य असतील तर ठीक. नसतील तर त्याचा पुरावा कुठेच उरत नाही.

मग मुलाखत काढून फक्त लेखी परीक्षा ठेवली तर प्रश्न सुटेल का? तसंही नाही. मार्च २०२५ मध्ये मुघलसरायला, म्हणजे आताच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय नगरला, सीबीआयने छापे टाकले. चीफ लोको इन्स्पेक्टर पदाची खात्यांतर्गत परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. परीक्षेआधीच उमेदवारांकडे हाताने लिहिलेल्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती सापडल्याचं सीबीआयने सांगितलं. २६ रेल्वे कर्मचारी-अधिकाऱ्यांना अटक झाली आणि १ कोटी १७ लाख रुपये रोख जप्त झाले. पेपर ज्याने काढायचा होता त्याच्यावरच तो फोडल्याचा आरोप होता. लगोलग रेल्वेने खात्यांतर्गत परीक्षा रेल्वे भरती मंडळाकडे देऊन त्या कॉम्प्युटरवर घेण्याचं ठरवलं. गट 'क' मधल्या ज्या निवडी तोवर अंतिम झाल्या नव्हत्या, त्याही रद्द करण्यात आल्या. म्हणजे प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांनाही पुन्हा शून्यापासून सुरुवात.

त्यामुळे लेखी की मुलाखत, हा वाद माझ्या मते अर्धवट आहे. परीक्षा घेणारा आणि तिच्यातून फायदा होणारा एकाच ऑफिसात बसत असतील, तर कोणतीही पद्धत नासते. मुलाखत ठेवायची असेल तर पॅनलमध्ये बाहेरचा माणूस हवा, सगळ्यांना विचारायच्या प्रश्नांचा एक समान भाग हवा आणि निकालात मुलाखतीचे गुण वेगळे छापलेले हवेत. हे काही फार मोठं मागणं नाही.

मग तयारी कशी?

व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर मुलाखत द्यायचीच आहे. मावशीच्या निमित्ताने मी जे वाचलं, विचारलं, त्यातून या पाच गोष्टी हाती लागल्या.

पहिली, नियम वाचा. तुमचं पद 'ज्येष्ठता आणि गुणवत्ता' तत्त्वावर भरलं जातं की 'गुणवत्ता आणि ज्येष्ठता'? शब्द तेच, पण क्रम बदलला की अर्थ बदलतो. प्रादेशिक ग्रामीण बँकांच्या प्रमोशनवरून १९९८ मध्ये बी. व्ही. शिवय्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. ज्येष्ठतेला पहिलं स्थान असेल, तर किमान गुणवत्ता गाठलेल्यांमध्ये सीनियर आधी जातो. तिथे कोणाला मागे टाकायचं नसतं, पास व्हायचं असतं. गुणवत्ता आधी असेल तर एकेक गुण मोजला जातो. आपण कोणत्या खेळात उतरलोय हे माहीत नसेल तर तयारी कशाची करणार?

दुसरी, आपले मागच्या काही वर्षांचे अहवाल काढून वाचा. पॅनलला जे दिसणार ते आपल्याला आधी दिसलं पाहिजे. एखाद्या वर्षी शेरा घसरला असेल तर त्याचं कारण दोन वाक्यांत, कोणावर खापर न फोडता सांगता आलं पाहिजे.

तिसरी, 'आम्ही' चं 'मी' करा. आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं म्हणजे फुशारकी असं लहानपणापासून शिकवलेलं असतं, मुलींना तर जरा जास्तच. पण "आमच्या शाखेत केलं" म्हटलं की श्रेय मॅनेजरला जातं. काय अडचण होती, मी काय केलं, त्याने काय बदललं, असं तीन टप्प्यांत सांगायचं. आकडा असेल तर आकडा द्यायचा. आणि सोबत्यांचा वाटा होता तिथे त्यांचं नावही घ्यायचं, कारण पॅनलवरच्या कोणाला तरी खरी गोष्ट माहीत असण्याची शक्यता असतेच.

चौथी, उत्तर वरच्या खुर्चीतून द्या. "रांग वाढली तर काय कराल?" याला क्लर्कचं उत्तर "मी भराभर काम करीन" असं असतं. ऑफिसरचं उत्तर "कोणाला कुठे बसवीन, कोणतं काम मशीनवर वळवीन" असं असतं. पॅनल तुम्ही आज काय करता हे ऐकतं, पण शोधत असतं ते उद्याचा माणूस.

पाचवी, बदलीच्या प्रश्नाचं उत्तर घरी ठरवून जा. प्रमोशन म्हणजे पुष्कळदा बदली. केंद्र सरकारी नोकरीत प्रमोशन नाकारलं तर साधारण वर्षभर पुन्हा विचार होत नाही. तेव्हा हे उत्तर पॅनलपुढे बसून सुचवायचं नसतं.

हा पाचवा मुद्दा आला तेव्हा मावशी गप्प झाली. मागच्या वेळी तिला विचारलं होतं, "बदली झाली तर घर कोण सांभाळणार?" ती गडबडली होती. तिच्यासोबतच्या पुरुष सहकाऱ्याला नुसतं विचारलं होतं, "बदली चालेल ना?" तो "हो सर" म्हणून मोकळा. बदलीचा प्रश्न रास्त आहे. सगळ्यांना तो एकाच शब्दांत विचारला जात नाही, ही अडचण आहे. समान प्रश्नांचा आग्रह मी वर धरला तो यासाठीच.

मिहानमध्येही तेच

आपल्याला तर प्रायव्हेटमध्ये जायचंय, असं म्हणणाऱ्यांनी पान उलटू नका. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल अशा कंपन्यांचे कॅम्पस आहेत आणि अशा मोठ्या कंपन्यांत 'इंटर्नल जॉब पोस्टिंग' हा शब्द पहिल्या वर्षातच कानावर पडतो. कंपनीतली रिकामी जागा आधी आतल्यांसाठी खुली करायची, अशी ती पद्धत. तिथेही मॅनेजरचं मत, वर्षाचं रेटिंग आणि मुलाखत हेच त्रिकूट असतं. फरक एवढाच की सरकारी नोकरीत प्रमोशनसाठी विचार होण्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या अजित सिंग प्रकरणात म्हटलं आहे. प्रमोशन मिळेलच असं नाही, पण तुमच्या नावाचा न्याय्य विचार झालाच पाहिजे. खाजगी नोकरीत हे कवच नाही. तिथे तुमची नोंदवहीच तुमचं कवच.

आणि या पायऱ्या चढता येतात. प्रतीक्षा तोंडवळकर यांची गोष्ट २०२२ मध्ये देशभर छापून आली होती. पती स्टेट बँकेत बुक बाइंडर होते. ते गेले तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या आणि दहावीही झालेली नव्हती. मुंबईत त्याच बँकेत त्या सफाईचं काम करू लागल्या. दहावी, बारावी, मग पदवी. क्लर्क झाल्या, २००४ मध्ये ट्रेनी ऑफिसर झाल्या आणि २०२२ मध्ये सहाय्यक महाव्यवस्थापक. ही बातमी वाचताना आपण त्यांच्या जिद्दीला सलाम करतो आणि पुढे जातो. मला आता त्यातली दुसरी बाजू दिसते. त्यांच्या वाटेवर प्रत्येक वेळी वरची पायरी आतल्या माणसासाठी उघडी होती. जिद्द त्यांची होती, पायरी संस्थेने ठेवली होती. दोन्हींपैकी एक नसतं तर ही गोष्ट झाली नसती.

रविवारी संध्याकाळी मी मावशीला शेवटचा प्रश्न पुन्हा विचारला. "मॅडम, तुमच्या शाखेत तुम्ही नेमकं काय काम करता?"

या वेळी ती सव्वादोन मिनिटं बोलली. मी घड्याळ लावलं होतं. पेन्शनरांचं टेबल आलं, तीन पोरं आली, नोटबंदीही आली. मध्ये एकदा "आम्ही" म्हणाली, थांबली आणि स्वतःच "मी" केलं.

मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. निकाल काय लागेल ते पॅनलच्या हातात. या वेळीही यादीत नाव नसेल तर आपल्याला मुलाखतीत किती गुण मिळाले हे विचारणारा माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायचा, असं तिने ठरवलं आहे. आणि माझ्यासाठी एक शंभर पानी वही आणून ठेवली आहे. "तुझी इंटर्नशिप चालू आहे न? आजपासूनच लिहीत जा, काय काय केलं ते. मी अठरा वर्षं नाही लिहिलं."